सगळ्यांना गेलेला निरोप

लढाई रंगली की नवरा जेवायलाही उठत नसे. पंधरा वर्षं जुना ऑनलाइन गेम. त्यात त्याचा सरदार एकदाही मेला नव्हता. शेवटी तीच शेजारच्या खोलीतून गेममध्ये शिरली. धड चालताही येईना, सारखी भिंतीला धडकत होती.

"वेडाबाई, माझ्या मागे थांब," त्याने लिहिलं.

तिने टाइप केलं, "रिपोर्ट आला. गाठ साधी नाहीये."

चुकीचं बटण दाबलं गेलं आणि ते सगळ्यांनाच दिसलं. सगळे खेळाडू थबकले. पण समोरच्या ड्रॅगनला थोडंच वाचता येतं! तो सरदाराला तुडवू लागला. सरदार हूं की चूं न करता मार खात राहिला.

"अरे पळ ना, मरशील!" ती ओरडली.

"मरू दे त्याला," तिच्या खुर्चीमागून नवरा म्हणाला. "रिपोर्ट दाखव."