फक्त चुका छापाव्यात

टीमचा सगळा कोड जोडून प्रोग्राम तयार करणारं टूल बाबांनी लिहिलेलं होतं आणि त्याची साफसफाई त्यांच्याच लेकीकडे आली. त्या दुपारी मीटिंगमध्ये बापलेकीची जुंपली.

"बाबा, प्रत्येक पायरीला टूलने स्क्रीनवर 'छान, झालं' कशाला छापायचं? कोण वाचतं ते? चूक झाली तरच बोलायचं, नाहीतर गप्प."

"अगं, काम नीट झालं असं कुणी म्हटलं की बरं वाटतं."

"कुणाला, यंत्राला?"

"बरं बाई, काढ." बाबा हसले. "टूलही तुझ्यावरच जाऊ दे. चूक दिसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही!"

सगळे खो खो हसले. तीही हसली. संध्याकाळपर्यंत तिने ते सगळे संदेश पुसून टाकले.

पहाटे झोपेतच बाबा गेले.

कामावर परतल्यावर तिने टूल चालवलं. प्रोग्राम बिनचूक तयार झाला, स्क्रीनवर एक अक्षरही उमटलं नाही. मग तिने बाबांचा कोड उघडला आणि पहिल्यांदाच, चुका न शोधता, शेवटपर्यंत वाचला.

आजूबाजूला सगळी टीम बसलेली असताना ती मोठ्याने म्हणाली,



"किती सुरेख लिहिलंय हो, बाबा."