पुठ्ठ्याचा मॉनिटर

मोजपट्टी सर्रकन डबीत परतली आणि सकाळपासून घरात दबा धरून बसलेली शांतता मोडली.

"मावतोय," खारूताई म्हणाली. "आई, भिंतीवर मावतोय."

आईने लेकीकडे बघून मान हलवली, नवऱ्याकडे बघितलं नाही. सकाळी त्याचं कोपर लागून तिच्या हातातला चहाचा कप खाली पडला होता. चुकलं म्हणायचं सोडून तो तिच्यावरच उखडला, "तू अशी मध्ये का कडमडतेस?" ती मध्ये नव्हती. त्याच्या शेजारी उभी होती. तेव्हापासून दोघांचा अबोला, आणि काय बोलायचं ते लेकीमार्फत.

नवा मॉनिटर घ्यायचा हे मात्र तिघांचंही ठरलेलं होतं. जुन्यावर बापलेक गाड्यांच्या शर्यती खेळायचे आणि हल्ली बाप रोज हरायचा. बाजूने कोण घुसलं ते कळतच नाही, म्हणायचा, स्क्रीनच मेली एवढीशी. इतकी वर्षं शाळेची बस चालवणारा माणूस स्वतःच्या दुधाचे दात पडणाऱ्या पोरीकडून मार खातो, म्हणजे दोष स्क्रीनचाच असणार, हे आईलाही पटलं होतं. रुंदच घेऊ, सिनेमेही छान दिसतील, असा हट्ट तिचाच.

आधी पुठ्ठ्याचा करून बघू, ही खारूताईची युक्ती. चौतीस इंची मॉनिटरच्या मापाचा पुठ्ठा आईकडून कापून घेऊन तिने त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्ता रंगवला होता. तो टेबलामागच्या भिंतीला चिकटवून झाल्यावर तिने बापाला खुर्चीत बसवलं.

"नजर मधोमध. मान हलवायची नाही. त्या व्हिडिओतले काका म्हणाले ना, एका नजरेत दोन्ही टोकं दिसली तरच एवढा रुंद घ्यायचा."

"जशी आज्ञा, बाईसाहेब."

"काय काय दिसतंय?"

"रस्ता. पूल. माझी लाल गाडी. एकदम झकास."

"आणि डावीकडे?"

"डावीकडे... रस्ताच की."

"बाबा, हत्ती आहे. जांभळं स्केचपेन अख्खं संपलं त्यात."

"हां, हत्ती. मला वाटलं, तू गाड्यांचं विचारतेस."

पुठ्ठ्याचा सुटलेला कोपरा दाबायला आई पुढे आली होती. तिचा हात तिथेच थांबला. तो हत्ती तिला मघाशी स्वयंपाकघराच्या दारातून दिसला होता.

"आता उजवीकडे सांग."

तो समोर बघत राहिला. मग थट्टेच्या सुरात म्हणाला, "उजवीकडे झाड."

खारूताई खुदकन हसली. "अरे बाबा, ती आई आहे."

पुठ्ठ्याच्या उजव्या टोकावर तळवा टेकून ती उभी होती. तो दचकून वळला. मान पुरती फिरवली, तेव्हा कुठे त्याच्या नजरेला ती सापडली. सकाळपासून पहिल्यांदाच दोघं एकमेकांकडे बघत होती.

"लहानच घेऊ," तो उठत म्हणाला. "एवढा रुंद काय करायचाय? खोली केवढी आपली."

"खारू, जा, बूट घाल," ती म्हणाली. पोरगी बाहेरच्या खोलीत गेली तशी ती दारात येऊन उभी राहिली. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मला खोलीचं माप सांगू नकोस. कधीपासून दिसत नाही तुला?"

तो टेबलावर हात फिरवून बसची किल्ली शोधत होता. "समोरचं लख्ख दिसतं. बाजूचं जरा... दमलोय मी, बाकी काही नाही. आणि आरसे आहेत ना गाडीला. मान फिरवून फिरवून चालवतो. आजवर साधा ओरखडा तरी आलाय का?"

"बसमधून उतरलेलं पोर तुझी मान फिरेपर्यंत थांबणार आहे?"

"हळू बोल."

"डॉक्टरकडे चल. आत्ता."

"आत्ता पोरं दप्तरं घेऊन दारात उभी असतील. आणि एकदा डॉक्टरने लिहून दिलं, की मी काय करायचं? सांग ना. बस सोडून दुसरं काय येतं मला?"

शेवटचे शब्द बोलताना त्याचा आवाज चिरकला. तिला वाटलं, पुढे होऊन त्याला कुशीत घ्यावं, लेकीला घेते तसं. पण पुढे व्हायचं तर दार मोकळं सोडावं लागलं असतं. तिने चौकटीवरचा हात आणखी घट्ट केला.

"उद्या," तो म्हणाला. "शपथ, उद्या येतो. आजची एवढी फेरी करू दे."

ती हलली नाही. तोही हलला नाही.

तिच्या हाताखालून वाकून खारूताई आत आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. दप्तर पाठीला, एका बुटाची नाडी लोंबती. तिने आधी बापाकडे बघितलं, मग मान वर करून आईकडे.

"आज मी बसमध्ये पुढे बसते, बाबाच्या डावीकडे. तिकडचं सगळं मी त्याला सांगत जाईन," ती म्हणाली. "पण आई, उजवीकडचं कोण सांगेल?"