चिठ्ठी वाचा, काका

“वाचा की, काका. चिठ्ठी आहे, साप नाही,” मुकादम म्हणाला.

गाडीवाल्या काकांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. मग लांब धरली. पुन्हा जवळ आणली. ओठ हलले, पण आवाज काही बाहेर आला नाही.

इस्पितळाच्या धुलाईघरातली यंत्रं जेवणाच्या सुट्टीपुरती बंद होती. चादरींच्या घड्या घालणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या. भिंतीशी मास्तर उभे होते. काकांना सोबत म्हणून ते आले होते.

सगळे त्यांना मास्तर म्हणत, पण ते कधी शाळेत शिकवायला नव्हते. त्यांची सगळी नोकरी टपाल वेगळं करण्यात गेली. मोठ्या माणसांना वाचायला शिकवायचा संध्याकाळचा वर्ग मूळचा त्यांच्या बायकोचा. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि वर्ग त्यांच्याकडे आला. फळ्यावर मोठी अक्षरं काढायची, एकेकाकडून वाचून घ्यायची. अर्ज कसा भरायचा, साहेबासमोर कसं बोलायचं, ते घोटून घ्यायचं. ती करायची तसंच ते करत राहिले.

काका त्या वर्गाला चौदा महिने येत होते. सव्वीस वर्षं त्यांनी इथं मळक्या कपड्यांची गाडी ढकलली होती. आता गुडघे गेले होते आणि गाडीचं कामही महिनाअखेर बंद होणार होतं. बसून करायची एकच जागा होती, गाठोडी वेगळी करायच्या टेबलावर. तिथं प्रत्येक गाठोड्यावरची चिठ्ठी वाचावी लागे. कपडे कुठल्या खोलीतले, कुठल्या औषधात भिजवायचे. चुकलं की एकाचा रोग दुसऱ्याच्या अंथरुणात. चिठ्ठी वाचली तर जागा, नाहीतर घरी बसायचं.

“नंबर वाढलाय वाटतं,” काका पुटपुटले.

बायकांत खसखस पिकली. सव्वीस वर्षं काका हेच सांगत आले होते. नोटीस लागली, पगाराचा कागद आला, की खिशातला चष्मा काढायचा, नाकावर चढवायचा, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, ‘नंबर वाढलाय, जरा वाचून दाखवा.’ मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, येत नसेल तर येत नाही म्हणा, पण चष्म्याचं नाव काढायचं नाही.

“मग चढवा की तो चष्मा! खिशात काय अंडी घालतोय?” मुकादम म्हणाला.

काकांनी चष्मा चढवला. चिठ्ठी पुन्हा धरली. कानामागून घामाचा ओघळ मानेवर आला.

“दिसत नाही, साहेब.”

“नसला तरी दिसत नाही, असला तरी दिसत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं!”

या वेळी कुणी हसलं नाही. मास्तर पुढे आले.

“काका, येत नसेल तर तसं सांगा. त्यात लाज कसली?”

“खरंच सांगतोय, मास्तर. अक्षरं पुसट दिसतात. तुमच्या पुस्तकातली पण अशीच दिसतात. मला वाटायचं, बारीक अक्षर सगळ्यांनाच असं दिसतं. शिकलेली माणसं अंदाजानं वाचत असतील.”

आता मास्तरांच्या लक्षात आलं. काका पहिल्यापासून शेवटच्या बाकावर बसायचे. मास्तरांना वाटलं, संकोच असेल. फळ्यावरचं वाचायचे आणि पुस्तक हातात दिलं की अडखळायचे. मास्तरांना वाटलं, घरी सराव करत नाहीत. दोनदा तर सगळ्यांदेखत बोलले होते ते काकांना. बायको असती तर तिनं पहिल्या आठवड्यातच विचारलं असतं.

“साहेब, त्यांना लांबचं वाचायला द्या,” मास्तर म्हणाले. “त्या पत्र्याच्या दारावर खडूनं लिहा. तुम्हाला वाटेल ते लिहा. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो.”

मुकादमानं घड्याळ बघितलं. “हे शेवटचं. मग मी नाव खोडणार.”

मास्तर वळले. समोर नुसता ओल आलेला चुना. मागे पत्र्यावर खडू करकरला. थांबला. पुन्हा करकरला. एक बाई हळूच “शी!” म्हणाली. मास्तरांना मागं वळून बघावंसं वाटलं, पण शब्द दिला होता.

खडू थांबला. कुठंतरी नळ ठिबकत होता. मास्तर थेंब मोजायला लागले. नऊ झाले तेव्हा काकांचा आवाज आला, अंधारात जिना उतरावा तसा चाचपडत.

“या... माण... माणसाला... वाचता... येत... नाही.”

 मग ती ‘शी’ म्हणणारी बाईच फिसकन हसली.

“अहो साहेब, वाचलं की त्यांनी!”

मास्तर वळले. मुकादम हातात खडू घेऊन स्वतःच्याच अक्षराकडे बघत होता. त्यानं ते बाहीनं पुसलं. टेबलावरची यादी ओढली आणि काकांच्या नावापुढं बरोबरची खूण केली. पण डोक्यातला किडा काही जाईना.

“एवढं लांबचं दिसतं, मग चष्मा लावून हातातलं का दिसू नये?”

त्यानं काकांच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतः लावला. चिठ्ठीकडे बघितलं. काढला. पुन्हा लावला.

“काका, ही नुसती काच आहे. यात नंबरच नाही!”

“नाहीच,” काका म्हणाले. “घेतला तेव्हा वाचायचं कुठं होतं, साहेब?”