सातव्या अंड्यातला रंग

उबवणीच्या पेटीत अजगराची सात अंडी होती. सहांमधून नेहमीचीच पिवळी-केशरी पिल्लं निघाली होती.

"गिऱ्हाइकं नव्या रंगाच्याच अजगराला पैसे मोजतात. यातही नवा रंग नसला, तर फार्म गेलंच समज," माझा मालक वेंडेल म्हणाला. पिल्लू बाहेर येईपर्यंत इथे कुणाला धीर नसतो. त्यानेही अंड्याला कात्री लावली. आंबूस, चिकट बलक त्याच्या मनगटावर ओघळला.

आतलं पिल्लू गुलाबी होतं. खवले नव्हते. कातडीवर लव होती, आणि घाम.

"घे! तुझ्यावरच गेलंय," त्याची बायको लॉर्ना त्याला म्हणाली, हसली आणि नाक दाबत बाहेर पळाली.

"जिवंत आहे का बघ. गिऱ्हाईक थांबलंय," वेंडेल मला म्हणाला.

सापाचं अंग भोवतालाइतकंच गरम असतं. पेटी अठ्ठ्याऐंशी अंश फॅरनहाइटवर होती. मी पिल्लाला थर्मामीटर लावला.

अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा.