तिसरी ताई

२०१८ साली रेवदंड्यात आईबापांविना दुसऱ्यांच्या घरी वाढणाऱ्या मुलांकडे आमच्या संस्थेतून आम्ही दर रविवारी एकेक स्वयंसेविका, त्यांची ताई म्हणून, पाठवत होतो. लळा लागू नये म्हणून दर जूनमध्ये ताया बदलायच्या, हा नियम माझाच. चौदा वर्षांच्या संघमित्राची तिसरी ताई आश्लेषा. शेवटच्या रविवारी पोरगी आश्लेषाचं हेल्मेट मांडीत धरून पायरीवर बसली. “न्हाय देणार. जा तशीच, पोलीस पकडतील.” आश्लेषा म्हणाली, “बाई, मलाच राहू द्या ना.” “एकीला सूट दिली तर सगळ्या मागतील,” म्हणत मी पोरीचं एकेक बोट सोडवलं. नव्या ताईला तिनं नावही विचारलं नाही: “जूनपर्यंत ताईच म्हणते.” ऑक्टोबरात संघमित्रा रेवसहून लाँचनं मुंबईला पळून गेली, भाऊच्या धक्क्यापुढं पोलिसांना तिचा माग लागला नाही. आश्लेषा माझा फोन उचलत नाही. नियम मी वर्षभरात काढून टाकला. आता मुलं तायांच्या लग्नालाही जातात.