रिकाम्या पोल्ट्रीतली चार गाणी

आवाज घुमू नये म्हणून भिंतीला ठोकलेले अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. झांजेऐवजी पत्र्याचा डबा. नवापूरजवळची रिकामी पोल्ट्री. एका मेमरी कार्डावर गावातल्या पंक बँडची चार गाणी.

बँडचा गायक योहान वारला, आणि त्याच्या बहिणीला, प्रिस्किलाला, निदान त्याचा आवाज तरी हवा होता. बँडमध्ये ड्रम वाजवणाऱ्या दानियलने कार्ड शोधून आणलं.

पहिल्याच ओळीला ती रडता रडता हसली. "हाच माझा दादा. बेसूर कुठला."

दानियलने बटणाकडे हात नेला. "बंद करू?"

"नको, दानियलभाऊ. एवढंच उरलंय मला."

चौथं गाणं संपलं. खरखरीतून तोच आवाज हळूच म्हणाला, "दानियल, तिला सांगू नकोस."

प्रिस्किला वळली. "काय सांगू नकोस?"

रेकॉर्डिंगच्या दिवशी योहानचा घसा बसला होता. चारही गाणी दानियलने गायली होती. ते शेवटचं वाक्य मात्र त्याने कधीच म्हटलं नव्हतं.