सहाव्या खांबापाशी

पुलाला अकरा कमानी होत्या, दहा खांब आणि सहाव्या खांबाच्या पायथ्याशी सत्तेचाळीस सुटे दगड. त्यातला एकूणएक दगड धाकटीने उलटून पाहिला होता. मुंग्या निघाल्या, बाटल्यांची बुचं निघाली, एक कुजका हातमोजा निघाला. डबी निघाली नाही.

जिओकॅशिंगचा खेळ तसा साधा. कुणीतरी अनोळखी माणूस डबी लपवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. आपण ती शोधायची, आतल्या चिठ्ठीवर सही करायची आणि होती तिथे ठेवून द्यायची. धाकटीला हे वेड बाबांनीच लावलं होतं. आज मात्र ती डबीसाठी आली नव्हती. महिन्याभरात बाबा दोनदा घरचा रस्ता चुकले होते. त्यांनी आता एकटं राहायचं नाही, असं दादाने ठरवून टाकलं होतं. वृद्धाश्रमातली खोली पाहून ठेवली होती, संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. धाकटी हट्टालाच पेटली, तेव्हा तो म्हणाला, ने एक दिवस त्यांना तुमच्या त्या खेळाला. नीट राहिले तर बघू. हरवले, तर मात्र पुन्हा वाद नको.

दिवस नीट गेला हे दादाला दाखवायला डबी सापडायलाच हवी होती, आणि नेमकी आजच ती सापडत नव्हती. फोनवरचा बाण धड एका जागी ठरेना. इतक्या जाड दगडी बांधकामाखाली उपग्रहाचा संदेश अडतो, हे तिला पाठ होतं. तरी ती फोनवर चिडली. मग काटेरी झुडपावर चिडली, मग डबी लपवणाऱ्या त्या शहाण्यावर. बाबांचं मागे उभं राहून काहीबाही चाललं होतं, रूळ केव्हा उखडले, पुलावरून आता चालायची वाट कशी झाली आहे. खांबाच्या फटींत बोटं घालत ती नुसतं हं हं करत होती.

कोपर सोलवटलं, तेव्हा तिने वळून पाहिलं. बाबा नव्हते.

तिने खांबाला फेरी मारली. शेजारच्या कमानी पाहिल्या. हाका मारल्या, तर कमानींनी त्याच हाका परत पाठवल्या. फोन लावला, तो वाजत राहिला. बाबांचा फोन बारा महिने मुका. एकमेकांचा ठावठिकाणा दिसावा अशी सोय दोघांनी फोनमध्ये करून ठेवली होती. ती उघडली, तर बाबांचा ठिपका तिच्याच ठिपक्याला चिकटलेला. जुनी नोंद असणार, मघाशी ते इथेच तर उभे होते. ती ओढ्यापर्यंत धावली. काठावर चिटपाखरू नव्हतं. तिने दादाला फोन केला.

दादा रागावला नाही. समजुतीच्या सुरात म्हणाला, मी निघतो, तू पोलिसांना कळव, खोलीचंही कळवून टाकतो आता. त्या समजुतीनेच तिचं डोकं फिरलं. एका तरी दगडाखाली डबी असती, तर ही वेळ आली नसती. ती पाय आपटत खांबापाशी परतली आणि सुट्या दगडाला सणसणीत लाथ घातली. तोही हलला नाही. अंगठा तेवढा ठणकला.

फोन वाजला. बाबा.

“अगं, मान वर कर जरा,” बाबा म्हणाले. “कधीपासून हाका मारतोय, पण या वाऱ्यात आवाज पोचतो कुठला. म्हटलं, ही हरवली की काय.”

तिने वर पाहिलं. बरोबर तिच्या डोक्यावर, पुलाच्या कठड्यावरून बाबा वाकले होते. त्यांच्या हातात डबी होती.

“सांगून का नाही गेलात, बाबा?”

“सांगितलं की. अक्षांश-रेखांशात उंची नसते, मी वर बघून येतो, म्हटलं. तू हं म्हणालीस.”

धाकटी खाली बसली. मधेच दादाचा फोन यायला लागला, तो तिने घेतला. वृद्धाश्रमाचा नंबर आत्ता लावतच होतो, तो म्हणाला. मग विचारलं, सापडले का, आणि किती लांब गेले होते?

तिने दोन ठिपक्यांमधलं अंतर पाहिलं. पुलाची उंची खांबावरच्या पत्र्याच्या पाटीवर लिहिली होती, तीही पाहिली.

“आडवं, तीन मीटर,” ती म्हणाली. “उभं, एकतीस.”